अर्धा लिटर

दाजींनी चुंबकाचा पट्टा डबीतून दागिना काढावा तसा काढला. पेट्रोलच्या नळीवर आवळला की गाडी शंभर किलोमीटरच्या पेट्रोलात सव्वाशे पळते, असं डबीवर छापलं होतं.

त्यांची मेहुणी बारा वर्षं गॅरेज चालवत होती. "दाजी, पेट्रोल काय लोखंड आहे, चुंबकाला भुलायला?"

"आधीच नाक मुरडू नकोस. ऑफिसातल्या तिघांना फरक पडलाय."

"मग मोजूनच बघू."

तिने दाजींच्या जुन्या गाडीची टाकी उपसून कोरडी केली. बॉनेटखाली अर्ध्या लिटरची बाटली टांगून तिची नळी इंजिनला जोडली. रस्ता तोच, वेग तोच, काचा बंद. गाडी थांबेपर्यंत जायचं. परतायला डिकीत पेट्रोलचा कॅन.

पट्ट्याशिवाय गाडी टेकडी ओलांडून लाकडाच्या वखारीपाशी थांबली. सात किलोमीटर. पट्टा लावून निघाले, तर वखारीच्या तेरा पावलं अलीकडेच बंद पडली.

"वारा उलटा होता. अजून एकदा," दाजी हट्टाला पेटले.

तिसऱ्यांदा, पट्ट्यासकटच, ती वखारीच्या नऊ पावलं पुढे गेली. दाजींचा चेहरा खुलला आणि लगेच उतरला. पट्टा खरा असता तर पावणेदोन किलोमीटर पुढे जायला हवी होती.

"मग त्या तिघांना कसा फरक पडला?"

"पैसे घालून पट्टा लावला की माणूस जपून चालवतो, दाजी. पाय हलका पडतो. वाचवतो तो पाय."

तिने डिकी उघडली. कॅन रिकामा. तिसरी फेरी हिशेबात धरलीच नव्हती. पंप तीनशे पावलांवर दिसत होता, पण वाटेत जरासा चढ होता.

दोघांनी ढकलायला सुरुवात केली. दहा पावलांत दाजींच्या तोंडाला फेस आला. पन्नास पावलांवर तिने चाकाला दगड लावला आणि दोघंही रस्त्याच्या कडेला मटकन बसली. दाजींनी मागे वळून पाहिलं. टेकडीच्या त्या वळणावळणाच्या रस्त्यावरून आताच दोघं गाडीतून आली होती, गप्पा मारत.

"एवढुशी बाटली," ते धापा टाकत म्हणाले. "आपण दोघं, हे सगळं लोखंड आणि ती अख्खी टेकडी?"

मेहुणीने थट्टेसाठी तोंड उघडलं, पण तीही मागे वळली. बारा वर्षं तिने पेट्रोल हातावर सांडलं होतं, फडक्याने पुसलं होतं. ती टेकडीकडे बघत राहिली.

"हे जळतं कुठे? मला दाखवशील?" दाजींनी विचारलं.

तिने बॉनेट उघडून इंजिनाकडे बोट दाखवलं. "इथे, आत. ठिणगी पडते."

"एका वेळी किती थेंब?"

"थेंब कुठला! थेंबाचाही कण."

दाजींनी गरम लोखंडाजवळ तळहात धरला. बराच वेळ दोघांपैकी कुणीच पुन्हा ढकलायचं नाव काढलं नाही.