डावं मागचं चाक

आवारात आधी शेठचा आवाज शिरायचा, शेठ मागून. त्या सकाळी आवाज आला तेव्हा दहा नंबर एका ट्रकखाली आडवी होती. तिने सवयीने पाय आत ओढून घेतले, कारण बाहेर राहिलेल्या पायांना शेठ बुटाची ठोकर मारायचा.

दहा नंबर हे तिचं गॅरेजमधलं नाव. ट्रकच्या कामात दहाचा पाना म्हणजे अगदी बारीक, आणि ती तशीच काटकुळी. जिथे कुणाचा हात शिरत नसे तिथे तिचा शिरायचा. वय बावीस. तीन वर्षांपूर्वी शेठच्या माल वाहतुकीच्या धंद्यात मेकॅनिक म्हणून लागली तेव्हा शेठ सगळ्यांसमोर म्हणाला होता, "बापाने गाडी मोडली, पोरीने गाड्या दुरुस्त कराव्यात. हिशोब बरोबर." दोघेतिघे हसलेही होते. शेठच्या विनोदावर न हसणाऱ्याला दुसऱ्या दिवशी उन्हात टायर बदलायला मिळायचे.

"ए दहा नंबर! त्या निळ्या गाडीचा मागचा ब्रेकचा ड्रम तडकलाय. नवा यायला चार दिवस लागतील. भंगारातला काढून बसव."

"कुठल्या भंगारातला?"

"दहा भंगारं आहेत का इथे? तुझ्या बापाच्या!"

तिच्या हातातला पाना तसाच राहिला. तिच्या बाबांची गाडी आवाराच्या मागच्या भिंतीला टेकून उभी होती. चार वर्षांपूर्वी एका पहाटे बाबा लोखंडी सळ्या भरून उतार उतरत होते, आणि गाडी वळणावर न वळता सरळ कठड्यातून खाली गेली. बाबा गेले आणि शेजारी बसलेला क्लीनरही गेला, एकोणीस वर्षांचा. कागदावर लिहिलं गेलं, चालकाला डुलकी लागली. कुणी शंका घेतली नाही. शेठकडे डुलकी न येणारा ड्रायव्हर होताच कुठे? क्लीनरची आई पुढे महिनाभर रोज त्यांच्या दारात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "झोप येत होती तर थांबायचं ना! माझ्या लेकराला कशाला नेलं?" आई आत भिंतीला तोंड करून बसायची. शेवटी त्यांनी घर बदललं.

गाडी इतकी वर्षं पोलिसांच्या आवारात गंजत होती. अपघाताच्या दाव्याचा निकाल लागला आणि गेल्या महिन्यात ती ओढून इथे आणली. तेव्हापासून मिस्त्रीकाका दहा नंबरला तिकडे फिरकू देत नव्हते. मिस्त्रीकाका गॅरेजचे सगळ्यात जुने कारागीर. तिला पाना कसा धरायचा इथपासून सगळं त्यांनीच शिकवलेलं. "तुझ्या बापाची गाडी आहे पोरी, तू नको हात लावूस," ते म्हणायचे, आणि तिला भरून यायचं. शेठच्या त्या राज्यात एवढी माया करणारं दुसरं होतं कोण? पण त्या दिवशी काका मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घरी पडून होते.

ती जॅक आणि हत्यारं घेऊन मागे गेली. केबिनकडे बघायचं नाही असं ठरवून डाव्या मागच्या चाकाशी बसली. नट गंजून एकजीव झाले होते. तेल सोडलं, पान्याला पाइप लावला, त्यावर उभी राहून अंगाचा सगळा भार टाकला. तासाभराने चाक निघालं. ड्रम निघाला आणि ती चक्रावलीच. आतले लायनर, म्हणजे ब्रेक दाबला की ड्रमवर घासणारे पट्टे, जाड, जवळजवळ कोरे होते. सळ्यांनी भरलेली गाडी उतारावर, आणि लायनर कोरे? हे चाक ब्रेकला लागतच नव्हतं की काय?

तिने मागे हात घालून ब्रेकच्या तेलाची नळी चाचपली. बोटांना दुमड लागली. मोबाइलचा उजेड पाडला. नळी मध्येच दुमडून हातोडीने चेपली होती, आणि वर तार आवळली होती. तेल त्या चाकापर्यंत जाऊच नये म्हणून.

ही युक्ती ती ओळखत होती. एखाद्या चाकाचं तेल गळायला लागलं तर तेवढी नळी बंद करायची, म्हणजे बाकीची तीन चाकं ब्रेक धरतात. मिस्त्रीकाकांनीच शिकवलं होतं, आणि शिकवताना बजावलं होतं, "हे गाडी घरी आणण्यापुरतं, पोरी. पाठवण्यासाठी नव्हे." तारही तिने ओळखली. तीन वेढे, आणि टोक आत वळवलेलं, पुढच्याच्या हाताला लागू नये म्हणून. अख्ख्या गॅरेजमध्ये टोक आत वळवणारी माणसं दोनच होती. एक काका. दुसरी ती, त्यांचं बघून शिकलेली. आणि ही तार आवळली गेली तेव्हा ती बारावीत होती.

ती तशीच मातीत बसली. मग वेड्यासारखी उठून उजव्या चाकाला भिडली. ते कसं उघडलं ते तिला नंतर आठवेना. तिथला ड्रम उष्णतेने निळा पडला होता आणि लायनर जळून कोळसा झाले होते. म्हणजे हे चाक ब्रेक लावून लावून जळालं होतं. झोपलेला माणूस ब्रेक कशाला लावेल?

आता केबिनकडे बघावंच लागलं. चेपलेल्या पत्र्यात हात घालून तिने हँडब्रेकचा दांडा शोधला. तो शेवटच्या दात्यापर्यंत ओढलेला होता. खाली सरपटत जाऊन गिअरबॉक्सचं झाकण उघडलं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. सळ्यांचा तेवढा भार आणि तो उतार असताना चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा टाकायचा म्हणजे किती जोर लागला असेल, ते तिच्या दंडांना कळत होतं.

"बाबा," ती गाडीखालीच मोठ्याने म्हणाली. "तुम्ही जागे होतात."

रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं भलतंच. आठ दिवसांपूर्वीची दुपार डोळ्यांसमोर उभी राहिली. फरशी वाहणाऱ्या गाडीचं मागचं चाक तेल गळत होतं, आणि शेठ तिच्या डोक्यावर उभा होता. "नळी बंद कर आणि सोड गाडी. तीन चाकांचे ब्रेक आहेत ना? एक फेरी होऊ दे, मग बदल." ती म्हणाली होती, "शेठ, भरलेली गाडी आहे." शेठ म्हणाला होता, "तुझं तोंडही बंद करू का तारेने?" आणि तिने दुमडलं, चेपलं, तार आवळली. टोक आत वळवलं. एक फेरी कधीच झाली होती. गाडी अजून तशीच फिरत होती.

तिने फोन लावला. त्या गाडीवरच्या ड्रायव्हरला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण तो बंद होत नसे.

"बोला दहा नंबर! आज सूर्य कुठे उगवला? चहा घेतोय बघ, चढावरच्या टपरीवर. काय चहा केलाय, नुसतं गरम पाणी! मी म्हटलं त्याला…"

"भाऊ, उतार सुरू झाला का?"

"आता चहा झाला की निघतोच."

"निघू नका. गाडी हलवू नका. मागच्या उजव्या चाकाला ब्रेक नाही. मी नळी बंद केलीय."

तीन वर्षांत रेडिओ पहिल्यांदा बंद पडला होता.

"कधी?" त्याने हळूच विचारलं.

"आठ दिवस झाले."

"निघताना मी तुला विचारलं होतं, सगळं ओके ना? तू अंगठा दाखवलास."

"हो."

"माझ्या शेजारी माझा पोरगा बसलाय, बाई. सुट्टी आहे म्हणून आणला."

रेडिओने फोन ठेवला.

अर्ध्या तासात शेठला कळलं. तो मागे आला तेव्हा ती बाबांच्या गाडीची ती नळी दोन्हीकडचे नट सोडून अख्खी काढत होती. फोटो आधीच काढून झाले होते.

"कुणाला विचारून गाडी थांबवलीस? माल उतरवायला माणसं उभी आहेत तिकडे!"

तिने नळी पुढे धरली. "हे बघा. बाबांच्या गाडीत निघाली."

तो दचकेल, निदान खोटं तरी बोलेल, असं तिला वाटलं होतं. शेठने नळी पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं, आणि ओरडायचं थांबून साध्या आवाजात म्हणाला, "मग? त्याच्यावर मिस्त्रीचा हात आहे. फरशीच्या गाडीवर तुझा. माझा हात कधी ग्रीसला लागलेला पाहिलायस?" त्याने खरंच दोन्ही पंजे उलटेसुलटे करून दाखवले. "जा, दाखव कुणाला दाखवायचं ते. आणि उद्यापासून येऊ नको."

शेठच्या ओरडण्याला ती कधी घाबरली नव्हती. त्या साध्या आवाजाने मात्र तिच्या अंगावर काटा आला.

तिथून ती सरळ मिस्त्रीकाकांच्या घरी गेली. काका खाटेवर बसले होते, एका डोळ्यावर पट्टी. तिने नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बघितलीही नाही. अंगठा तारेवरून फिरवला, आणि तो टोकाशी येऊन थांबला.

"मी असतो तर तुला ती गाडी उघडू दिली नसती," ते म्हणाले.

"मला वाटायचं तुम्ही माझ्यासाठी अडवता."

"तुझ्यासाठीच. थोडं माझ्यासाठी."

"बाबांना सांगितलं होतं?"

काकांनी मान हलवली. नाही.

"का नाही, काका? तुमचा दोस्त होता ना तो?"

"सांगितलं असतं तर तो गेला नसता." त्यांनी नळी तिला परत दिली. "शेठ तिथेच उभा होता. तुझ्या बापाने जाताना विचारलं, मिस्त्री, सगळं ठीक? मी म्हटलं, ठीक."

तिला त्यांच्या अंगावर धावून जायचं होतं. त्यासाठीच तर ती आली होती. पण स्वतःचा अंगठा तिला दिसत होता, रेडिओला दाखवलेला. ती उंबऱ्यावर बसली आणि ढसाढसा रडली. काका उठून जवळ आले नाहीत. तेवढी लाज त्यांना होती.

दुसऱ्या दिवशी ती पोलिस चौकीत गेली आणि दोन्ही गाड्यांचं सांगितलं, स्वतःचंसुद्धा. साहेब म्हणाले, "नळी काय, कुठल्याही गाडीची असू शकते." ती तिथेच बाकावर बसून राहिली, तेव्हा दुपारी दारातून मिस्त्रीकाका आत आले, पट्टीसकट, सुनेचा हात धरून. तिने बोलावलं नव्हतं. त्यांनी जबाब दिला, सही केली, आणि तिच्याकडे न बघता निघून गेले.

शेठचं आवार सील झालं आणि पंधरा दिवसांनी उघडलंही, त्याच्या मेव्हण्याच्या नावाने. खटल्याच्या तारखा पडतायत. दहा नंबरवरही ठपका आहे, तो तिने नाकारला नाही. रेडिओ तिच्याशी अजून बोलत नाही. पण रेडिओ तो रेडिओच, त्याने ही बातमी प्रत्येक टपरीवर वाजवली, आणि आता त्या रस्त्यावरचे ड्रायव्हर निघण्याआधी चाकामागे वाकून नळ्या बघतात.

आईला तिने जबाब लिहून होईपर्यंत काही सांगितलं नव्हतं. उगाच आस लावायची आणि काका फिरले तर? त्या दिवशी चौकीतून घरी आली तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं सांगितलं: कोरे लायनर, जळालेले लायनर, हँडब्रेक, दुसरा गिअर. आईला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ती घड्या घालत राहिली. मग एकाच सदऱ्याची घडी तिने दोनदा मोडली.

"म्हणजे झोप नव्हती लागली?"

"नाही, आई. जागे होते. शेवटपर्यंत गाडी धरत होते."

तोंडावर हात धरून आई असं काही बोलली की लेकीला आधी ऐकूच आलं नाही.

"काय म्हणालीस?"

"आदल्या दुपारी तो झोपायला आला होता. निघायच्या आधी चार तास झोपतो म्हणाला. मी झोपू दिलं नाही. भांडले. म्हटलं, घरी आलास की नुसता लोळतोस. त्याला पाण्याची टाकी धुवायला लावली." आईचा आवाज फाटत होता. "ती बाई दारात ओरडायची ना, झोप येत होती तर थांबायचं… मला वाटायचं ती मलाच बोलतेय. चार वर्षं मला वाटतंय मीच दोघांना मारलं."

दहा नंबर बघतच राहिली. चार वर्षं एका खोलीत, एका ताटात जेवून, तिला याचा पत्ता नव्हता. तिने आईचा हात धरला. आईने तो सोडवून घेतला, डोळे पुसले, आणि पुन्हा विचारलं, जणू पहिल्यांदाच विचारत होती:

"कुठला गिअर म्हणालीस?"

"दुसरा."

"आणि तो टाकायला जागं असावं लागतं?"

"जागं असावं लागतं, आई. आणि ताकदही लागते."