राजानं मागे ठेवलेलं सरपण

आमच्या साडूला लढायांचं भारी वेड. घरात बायकोपुढे तोंड उघडायची टाप नाही, पण कुठल्या राजानं कुठल्या टेकडीआडून घोडे काढले ते विचारा, तुम्हाला जागचं हलू देणार नाही. काच कारखाना बंद पडला तेव्हापासून दर थंडीत तो आम्हाला एकेका रणांगणावर घेऊन जातो. आम्हाला म्हणजे मला आणि माझ्या बायकोला. त्याची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. दोघी डबे भरून घेतात आणि बसमध्ये मागं बसून सगळ्या नातेवाइकांना धुऊन वाळत घालतात. आम्ही दोघं पुढं.

मी त्याला फोरमनच म्हणतो. कारखान्यात तो फोरमन होता, मी भट्टीवाला. मोठा तो, पण एकाच भट्टीवर उमेदवारी केलेली, त्यामुळे अरे-तुरे. त्याच्या शब्दावर मी डोळे मिटून चालायचो. शाळा माझी जेमतेम. वाचायचं-बोलायचं त्यानं, राबायचं मी, असा हिशोब पहिल्यापासून ठरलेला.

यंदा मात्र निघतानाच घरात धुसफूस होती.

"पोरीला सोमवारी कळवायचंय," ही डब्याचं झाकण दाबत म्हणाली. "तिच्या घरामागची खोली रिकामी झालीय. आपण नाही म्हटलं तर ती भाडेकरू ठेवणार. किती दिवस अडवून धरेल बिचारी?"

"फोरमन बोलतोय ना नव्या मालकाशी. कॉलनी पाडून बिल्डिंग होणार, त्यात सगळ्यांना घर देतो म्हणालाय. आत्ता आपण खोली सोडली तर सगळी ओळ सोडेल."

"दाजी बोलतायत, दाजी बोलतायत. बोलून बोलून कॉलनीचं पाणी गेलं, संडासाचं दार गेलं. भिंतीला हात लावला तर हातात येते."

"तुझेच दाजी आहेत."

"म्हणूनच म्हणते."

आता ही कॉलनी म्हणजे कारखान्यामागच्या खोल्यांची एक लांब ओळ. आमच्या शेजारच्या खोलीत मुका राहतो. मुका हे टोपणनाव. कारण गडी झोपेतसुद्धा बोलतो. त्याच्या डोळ्यांची गोष्ट पुढं येईलच.

काचेची भट्टी कशी असते ते सांगतो, म्हणजे बाकीचं कळेल. चूल विझवून परत पेटवता येते. काचेची भट्टी नाही. आतला रस थंड झाला की दगड होतो, विटा तडकतात, भट्टी मेली म्हणजे मेलीच. म्हणून बारा महिने, सणवार असो की कुणाची मयत असो, तिच्यापाशी माणूस हवाच. आम्हा भट्टीवाल्यांच्या हाडात ते इतकं भिनलेलं की, लग्नाच्या दिवशीसुद्धा मी मांडवातून उठून एक चक्कर मारून आलो होतो. सासरे म्हणाले, नवरा पळाला.

तर मालकानं कारखान्याला कुलूप लावलं तेव्हा आम्ही मागच्या दारानं आत जाऊन भट्टी पेटती ठेवली. फोरमन म्हणाला, "भट्टी जिवंत तर कारखाना जिवंत. टिकून राहा. मी बोलतोय मालकाशी." आम्ही टिकलो. पगार नाही, उधारी बंद. पोरीची शाळा त्या वर्षी सुटली ती सुटलीच. ही लोकांची धुणी धुवायला लागली आणि मला म्हणायची, व्यायाम होतो. मुक्याला दुसऱ्या गावी पक्की नोकरी चालून आली होती, तीही त्यानं भट्टीसाठी सोडली. भट्टीच्या भोकातून आतला रंग बघायला काळा चष्मा लागतो. त्याचा फुटला. नवा कोण देणार? तो उघड्या डोळ्यांनी बघत राहिला. एक डोळा गेलाच. दुसऱ्यात आता नुसतं धुकं आहे. आणि एवढं करून शेवटी कारखाना विकलाच गेला. फोरमननं डोक्याला हात लावला. म्हणाला, "आपलं नशीब फुटकं." मीच त्याला पाणी दिलं होतं.

असो. यंदाचं रणांगण म्हणजे एक माळ होता. मध्ये ओढा, पलीकडे बुटकी टेकडी. गवतात ठिकठिकाणी दगडांची गोल कोंडाळी. तिकीट फाडणारी बाईच माहिती सांगायची. डोक्याला मफलर, नाक गळतंय, पण आवाज खणखणीत.

"या ओढ्याशी राजाची फौज अडकली," ती म्हणाली. "समोर दुप्पट शत्रू. संध्याकाळी राजानं आचाऱ्यांना आणि मोतद्दारांना, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्यांना, बोलावलं. म्हणाला, आम्ही टेकडीला वळसा घालून शत्रूच्या पाठीत शिरतो. तुम्ही इथं शेकोट्या पेटत्या ठेवा, म्हणजे त्याला वाटेल सगळे इथंच आहेत. सकाळी भेटू. ही कोंडाळी त्या शेकोट्यांची."

"मग?" माझ्या बायकोनं विचारलं.

"मग काय? राजा गेला तो सरळ घरी गेला. सकाळी शत्रू आला. इथं आचारी होते. हातात झारे."

थोरली मेहुणी म्हणाली, "अगंबाई," आणि शाल आवळून घेतली.

मला दुसरंच काही टोचत होतं. भट्टीवाला तो, माझं डोकं जळणावरच जाणार. मी विचारलं, "बाई, या माळावर झाड दिसत नाही एक. इतक्या शेकोट्यांना लाकडं कुठली?"

"राजानंच ठेवली होती. गाड्यांच्या गाड्या. जाताना मोजून मागं ठेवून गेला."

"आणि त्या आचाऱ्यांना प्रश्न पडला नाही? सकाळी परत येणारा माणूस इतकं सरपण ठेवून जातो होय?"

बाईनं खांदे उडवले. नाक पुसलं. पण फोरमनला चेव चढला. "तुला युद्ध कळत नाही. राजानं बरोबर केलं. चारशे गेले, हजारो वाचले."

"पण त्यांना सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर पेटत्या ठेवल्या असत्या का त्यांनी? सांगितलं असतं तर तुम्ही तरी भट्टी पेटती ठेवली असती का?"

बोलला आणि टेकडीकडे बघायला लागला. वारा होता, गवत हलत होतं. बायका बाईबरोबर पुढं तोफ बघायला गेल्या.

मी तिथंच, त्या कोंडाळ्यापाशी उभा. आणि मला आमचं तेल आठवलं. कारखाना बंद होता तेव्हा भट्टीला तेल कुठून येत होतं? पिंपं यायची, फोरमन आणायचा. म्हणायचा, दुसऱ्या कारखान्यांतल्या लोकांनी वर्गणी काढलीय. आम्हाला खायला वर्गणी कुणी काढली नाही, भट्टीला मात्र पिंपावर पिंप. आणि आमच्या एकाही शहाण्यानं विचारलं नाही. भट्टीवाल्याला भट्टी पेटती दिसली की त्याला बाकी जग दिसत नाही.

"तेल मालकाचं होतं," मी म्हणालो.

त्यानं बुटानं एक दगड उकरला.

"फोरमन. तेल मालकाचं होतं ना?"

"गिऱ्हाईक बघायला येणार होतं," तो खाली बघत म्हणाला. "भट्टी थंड दिसली असती तर सगळं भंगारात गेलं असतं. जिवंत भट्टीचा भाव वेगळा."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्यापासून." मग एकदम तोंड वर करून म्हणाला, "मालकानं माझ्या पोराला दुसरीकडे कामाला लावून दिलं. तुला मुलगा असता तर तू काय केलं असतंस, सांग ना!"

त्याच्या पोराला नोकरी लागली ही बातमी कॉलनीभर मीच नाचत सांगितली होती.

"केलं असतं कदाचित," मी म्हणालो. "पण मुक्याला म्हणालो असतो, बाबा, त्या भोकातून बघू नकोस. काही उपयोग नाही."

त्यानं उकरलेला दगड बुटानं परत खाली दाबला.

"आणि आता खोल्यांचं?"

"तुम्ही आत आहात तोवर माझ्या बोलण्याला वजन आहे."

"घर कुणाला मिळणार?"

"तुमचं बोलतोय."

"तुझं?"

"माझं झालंय," तो म्हणाला. "पण तुमचंही होईल, दम धर जरा. आपण घरातली माणसं!"

केसानं गळा कापतात असं ऐकून होतो. कापला गेल्यावरही माणूस टपरीवर जाऊन चौघांचा चहा सांगतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितला. फोरमनच्या चहात साखर कमी, ही सवयसुद्धा हातानं पाळली.

हिला काही सांगावं लागलं नाही. चाळीस वर्षांचा संसार, माझं तोंड बघून तिला ताप कळतो, हे तर काहीच नाही. टपरीमागं घेऊन गेली, थोडक्यात काढून घेतलं. परत आली ती थेट बहिणीसमोर उभी राहिली.

"ताई, तुला माहीत होतं?"

थोरली डब्यांच्या पिशवीची गाठ सोडत बसली. सुटेना. मग म्हणाली, "तू कधी विचारलंस का?"

आमची बायको भांडखोर आहे. त्या दिवशी भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं पिशवीतून आमचा डबा तेवढा काढून घेतला, आणि परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली. मागच्या सीटवर थोरली एकटी. फोरमन ड्रायव्हरजवळ उभाच होता, जागा असून.

उतरताना त्यानं माझी बाही धरली. "कॉलनीत काय सांगणार आहेस?"

"तू नाही सांगितलंस ते."

"सगळे लगेच खोल्या सोडतील रे. मग मालकाला माझी गरज उरणार नाही, माझं झालेलं घरही जाईल. तुझी मेहुणी या वयात कुठं जाईल?"

थोरलीनं माझ्या पोरीला पाळण्यात घातलंय. तरी मी बाही सोडवून घेतली.

दिवे लागायच्या सुमारास ओळीच्या या टोकापासून सुरुवात केली. एकेका दारात उभा राहून सांगितलं: तेल कुणाचं होतं, घर कुणाचं झालं, आम्ही सोमवारी पोरीला हो म्हणणार, तुम्ही तुमचं ठरवा. कुणी शिव्या दिल्या, त्यातल्या काही मला. एक म्हातारी म्हणाली, "एवढी वर्षं झाली, आता सांगून काय मिळालं?" मी पुढच्या दाराकडे वळलो.

मुक्याची खोली शेवटी ठेवली होती. त्याच्या दारात चौकट धरून उभा राहिलो. एवढंच म्हणालो, "फोरमननं आपल्याला फसवलं. आत्ता नाही, तेव्हापासून."

तो माझ्याकडे म्हणजे माझ्या थोडं डावीकडे बघत होता.

मग म्हणाला, "आत ये. बस. पहिल्यापासून सांग. आणि माझ्या डोळ्यांचं येईल तिथं गाळू नकोस."