बुरशीबाईचं बारसं

बायको मरणाच्या दारातून परत आली की कुणी दारू सोडतो, कुणी गावजेवण घालतो. अंतरवालीच्या कडूबा गुरुजींनी यातलं काही केलं नाही. ते बुरशीच्या नादी लागले.

नाद कसला, येडच म्हणा. शाळेत पाढे चालू असले तरी मधेच थांबायचे अन् विचारायचे, "बुरशी पाह्यली का रे कुणी?" पोरं धडाधड हात वर करायची. पाढ्यांतून सुटका होत असेल तर बुरशीच काय, भूतही पाहिलं म्हणाली असती ती. गावात कुणाच्या लोणच्याच्या बरणीत पांढरा बुरा आला असं कानावर पडलं की गुरुजींनी चपला घातल्याच. बरणीत डोकं घालून इतक्या मायेनं बघायचे, की घरच्या बाईला वाटावं, आता हा माणूस लोणच्याचा मुका घेतो की काय.

झालं होतं असं. गुरुजींच्या बायकोला, प्रभावतीला, मुलगी झाली. पहिलटकरीण असून बाळंतपण घरीच अगदी सुखरूप झालं. पण मागून ताप चढला, अन् असा चढला की तिला नवरा ओळखू येईना. शेजारच्या नूरबीनं तिच्या कपाळाला हात लावला अन् ओरडलीच, "कडूभाई, बैठे क्या हो? जल्दी अंबडकू लेके चलो इसको!" तिच्याच घरची बैलगाडी जुंपली. अंबडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लगेच सुया सुरू केल्या.

गुरुजी खाटेपासून हलेनात. प्रत्येक सुईला विचारायचे, "बाई, ह्याच्यात काय हाये?" एकदा उत्तर मिळालं, दोनदा मिळालं. शेवटी बाई वैतागून म्हणाल्या, "बुरशी आहे!"

गुरुजींचं तोंड एवढंसं झालं. "बाई, माझी बायको मरायला टेकली, अन् तुम्ही मस्करी करता का?"

मग त्यांना गप्प बसवायला म्हणून बाईंनी सगळी गोष्ट सांगितली. लंडनात फ्लेमिंग नावाचा एक डॉक्टर होता. जंतू वाढवलेल्या काचेच्या ताटल्या तशाच ठेवून गडी सुट्टीवर गेला. परत येऊन बघतो तर एका ताटलीत बुरशी. दुसरा कुणी असता तर नाक दाबून धुऊन टाकली असती. ह्यानं नीट वाकून पाहिलं, तर बुरशीच्या आजूबाजूचे जंतू मरून गेलेले. पुढं दुसऱ्या शास्त्रज्ञांनी त्याच बुरशीचं औषध केलं, तेच हे पेनिसिलीन. "आता बसा गप," बाई म्हणाल्या.

गुरुजी बसले खरे, पण तोंड उघडंच राहिलं. एका माणसानं ताटली धुतली नाही म्हणून माझी प्रभा वाचणार? त्यांना हसूही फुटेना अन् रडूही येईना.

ताप उतरला. प्रभावतीनं डोळे उघडले, नवऱ्याकडं टक लावून पाहिलं अन् पहिलं काय बोलली असेल? "अहो, दाढी करा की."

गुरुजी दवाखान्याच्या आवारात जाऊन लिंबाला धरून रडले. रडता रडता हसायला लागले, अन् ते हसू महिना उलटला तरी काही थांबलेलं नव्हतं. त्या हसण्याच्या भरातच त्यांनी ठरवलं, पोरीचं नाव फ्लेमिंग ठेवायचं.

"फ्ले... काय?" प्रभावती म्हणाली.

"फ्लेमिंग."

"अहो, पोरगी हाये ती."

"मंग? आडनाव हाये ते. आडनावात कुठं बाई-बाप्या असतंय?"

"पन पोरगी शाळंत गेल्यावर पोरं काय म्हनतील?"

"मला कडू कारलं म्हन्ले सगळे. मेलो का मी?" गुरुजी म्हणाले, अन् पुन्हा हसत सुटले.

हे सगळं चुलीजवळून मालनबाई ऐकत होती. ही गुरुजींची माय. बाई अंगानं काडी, पण शब्दाची पक्की. गुरुजींच्या आधीची तिची तीन लेकरं गेली होती. तिघांचीही नावं गोड होती. चौथ्या वेळी तिनं गोड नाव तोंडातसुद्धा येऊ दिलं नाही. पोराला म्हणाली कडूबा. कडू वस्तू कोण उचलून नेतंय? अन् पोरगा जगला. त्याच्या पाठीवरची मुलगीही धडधाकट झाली, तेव्हा कुठं बाईला धीर आला अन् तिचं नाव हौसेनं बेबीनंदा ठेवलं. "मी कडूबा अन् ही बेबीनंदा!" ह्या अन्यायावर गुरुजींनी लहानपणी भाकरी सोडली होती म्हणतात, निदान एका दुपारपुरती तरी.

छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर घरचे देव नदीत सोडले, ते मालनबाईनं स्वतःच्या हातानं सोडले. मागं वळून पाहिलं नाही. पण ही भीती काही देव नव्हती, ती कुठल्या नदीत सोडणार?

"नाव धोंडी ठेवायचं," तिनं चुलीत फुंकर मारली अन् निकाल दिला. "सून जाता जाता राह्यली. आता गोडाधोडाचं नाव घेऊ नको बाबा. मला पाहवनार न्हाई."

"माय, नावानं कुनी मरत न्हाई. जंतूनं मरतंय. अन् जंतूला मारलं बुरशीनं."

मालनबाईनं फुंकणी खाली ठेवली. जरा विचार केला. "बुरशीनं?"

"बिलकुल! बुरशीनं!"

"मंग बुरशीच ठेव की नाव."

गुरुजींचं हसू पहिल्यांदा थांबलं.

"तूच तर म्हनतोस तिनं वाचवलं म्हून. अन् बुरशीला कोन हात लावतंय? मरन बी लावायचं न्हाई." मालनबाईचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. "बुरशीबाई! लई बराबर हाये!"

आता बोला. स्वतःच्याच तोंडानं गावभर बुरशीची आरती केलेली, खोडून तरी कसं काढणार? प्रभावती तिकडं पदर तोंडात कोंबून हसून हसून बेजार. "जास्त हसू नको, टाके तुटतील," गुरुजी चिडून म्हणाले. टाके घातलेच नव्हते, पण रागात माणसाला काही तरी बोलावंच लागतं.

बरं, मालनबाई तेवढ्यावर थांबली का? तिसऱ्या दिवशी तिनं मडक्यामागं लपवून ठेवलेली हिरवीगार भाकरी सुनेपुढं धरली. "खा. पुन्हा ताप आला तर सुया कशाला टोचून घेतीस?" गुरुजींनी झडप घालून भाकरी हिसकावली अन् उकिरड्यावर नेऊन टाकली. बुरशी बुरशीत फरक असतो, ही विषारी असेल, औषध दवाखान्यात शुद्ध करतात, हे समजावता समजावता घसा बसला. "म्हन्जे तुला बी बराबर म्हाईत न्हाई," असं म्हणून माय चुलीकडं वळली.

शेवटी सगळ्यांना एकच गोष्ट कळून चुकली. बापानं काही ठरवो, आजीनं काही ठरवो, पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या. तिच्या तोंडून जे निघालं ते निघालं. तिथं बापाचं चालत नाही अन् तहसीलदाराचंही.

आत्या म्हणजे बेबीनंदा, टेंभुर्णीची सासुरवाशीण. ती बारशाच्या आदल्या दिवशी एसटीतून उतरली, अन् उतरल्यापासून तिची जी बडदास्त सुरू झाली ती विचारू नका. मायनं तिला शेंगदाण्याचा लाडू दिला अन् कानात म्हणाली, "बुरशी." भावानं तिच्या हातची पिशवी घेतली अन् कानात म्हणाला, "फ्लेमिंग."

"काय फलमिंग?"

"फ्ले. जीभ वर लाव. फ्ले."

"फिले."

"फ्ले, बेबे, फ्ले!"

"फुले... फुलमिंग." बेबीनंदा पाटावर बसकण मारून हसायला लागली. "दादा, माझ्या जिभेला हाड न्हाई, पन ह्या नावाला हाये रे!"

रात्री जेवणं होईस्तोवर गुरुजींनी तिच्याकडून घोकून घेतलं. गोठ्यापाशी फिलमिंग झालं, आडापाशी फलेमिंग झालं, भाकरी खाताना ठसका लागून नुसतंच फ्फ झालं. कुंपणापलीकडून नूरबी विचारायची, "कौन छींक रहा है?"

बारशाच्या दुपारी घर बायांनी भरून गेलं. तथागतांच्या अन् बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण पंचशील झालं. घुगऱ्यांची पाटी कोपऱ्यात झाकून ठेवलेली. नूरबीनं बाळासाठी हिरवं कुंची-टोपडं शिवून आणलं होतं. पाळणा हलला, गाणी झाली, अन् मग बाया एकदम गप्प झाल्या. कारण घरात दोन पक्ष आहेत हे गावभर झालं होतं, अन् घुगऱ्यांइतकीच निकालाचीही भूक होती सगळ्यांना.

बेबीनंदानं डोईवरचा पदर सावरला. एकीकडं भाऊ उभा. ओठ हलवून तिला खाणाखुणा करत होता, फ्ले, फ्ले. गुरुजींचे दोन्ही डोळे भरलेले होते, ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. दुसरीकडं माय. बोटावर काजळ घेऊन तीट लावायला बसलेली. तिला काय भ्या वाटतंय ते बेबीनंदाला ठाऊक होतं. मेलेल्या तीन भावंडांची नावं तिनं आईच्या तोंडून कधी ऐकलेली नव्हती.

बेबीनंदा वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेलं.

"कुर्रर्रर्र..." अन् मोठा श्वास घेतला. "फु... फुल... फुलमीना!"

मग जो गलका उठला! बायांनी बेबीनंदाच्या पाठीवर धपाधप धपाटे घातले. नूरबी टाळी वाजवून म्हणाली, "वा वा! क्या नाम रख्खी! फुलमीना!" कुणी म्हणालं फूल, कुणी म्हणालं मीना, प्रभावतीनं तर पाळण्यातल्या पोरीला हाकच मारली, अन् पोरीनं जांभई देऊन मंजुरी दिली.

"अगं फ्लेमिंग!" गुरुजी ओरडत होते. "फ्लेमिंग ठरलं होतं!"

"तेच तर म्हन्ले!" बेबीनंदा धपाटे खात खात ओरडली. "फुलमिंगच म्हन्ले मी, शेवटाला जरा घसरलं!"

गुरुजींनी दोनदा मनात म्हणून पाहिलं. फ्लेमिंग. फुलमीना. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांना स्वतःलाच हसू आलं. त्या साहेबाचीही एक ताटली चुकूनच राहिली होती की.

मालनबाई मात्र हसत नव्हती. तिनं काजळाचं बोट बाळाच्या गालाला लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. "लई गोड हाये," ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात म्हणाली. "लई गोड ठेवलं गं बाई."

गुरुजी आईपुढं उकिडवे बसले. "माय, मरनाला नाव ऐकू येत न्हाई. प्रभाला मी सगळ्या नावांनी हाका मारल्या दवाखान्यात. कशानंच झालं न्हाई. सुईनं झालं. उद्या फुलीला काही झालं तर आपन काय करायचं?"

"काय करायचं?"

"बैलगाडी जुंपायची. अंबड कुठं लांब हाये?"

"मैं हूं ना, गाडी मेरी हैच," नूरबी मागून म्हणाली.

मालनबाईनं नातीचं टोपडं सारखं केलं. मग प्रभावतीनं, सासूला आत्याबाई म्हणायची ती, तिनं हळूच विचारलं, "आत्याबाई, यांचं नाव तुमच्या मनात काय होतं? कडूबा ठेवायच्या आधी?"

असा प्रश्न ह्या घरात कधी कुणी विचारला नव्हता. गुरुजींनी तर नाहीच. आपल्याला दुसरं नाव असू शकलं असतं हेच त्यांना कधी सुचलं नव्हतं.

म्हातारी लाजली. खरंच लाजली, नव्या नवरीसारखी. "अंबडला एका वकिलाच्या दारात मोळी टाकायला गेल्ते. हा पोटात होता. तिथली बाई वसरीवरून आपल्या पोराला हाक मारून राह्यली होती, मधू, ए मधू. मधुकर. मला इतकं गोड लागलं! मनाशी म्हन्लं, आपलं जगलं तर हेच ठेवू." ती थांबली. "मंग भ्या वाटलं."

बेबीनंदानं नाक ओढलं.

मालनबाईनं हात टेकून गुडघ्यावर उभं राहत समोर बसलेल्या आपल्या लेकाचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. त्याच्या कानाशी तोंड नेलं. तीस वर्षांचा बाप्या, डोक्याला टक्कल पडायला लागलेलं, गालाला आता काजळ लागलेलं.

"कुर्रर्रर्र," ती म्हणाली. "मधुकर."

अन् मग काय सांगावं! कानात आत्या सांगते का माय सांगते, धपाटे कुणाच्या पाठीत घालतात, काही रीतभात उरली नाही. सगळ्या बाया गुरुजींवर तुटून पडल्या. धपाधप, धपाधप! गुरुजी "अगं, अगं!" करत होते, रडत होते, हसत होते, अन् पाळण्यात फुलमीना भोकाड पसरून साऱ्या दंग्याला साथ देत होती.

दंगा निवला तेव्हा घुगऱ्या वाटायची वेळ झाली.

"मधू," मालनबाईनं हाक मारली. "ए मधू, पाटी उचल की रे."

गुरुजी चष्मा पुसत उभे होते. हा मधू कोण आलाय म्हणून त्यांनी दाराकडं वळून पाहिलं.

"तुमकूच बुला रही है," नूरबीनं त्यांना ढकललं, अन् मधूनं पळत जाऊन पाटी उचलली.