रिकाम्या मात्रा

चैताली पुन्हा सुरावटीत लवकर शिरली. चार मात्रा रिकाम्या सोडायच्या होत्या; तिने दोनच सोडल्या. मंचावर शेजारच्या, आपल्या कीबोर्डवरून विलासने तिच्याकडे नुसतं पाहिलं. रिकामी जागासुद्धा आपणच वाजवायची असते, हे तो तिला वर्षभर सांगत आला होता. पण पोरीच्या हातांना शांतता सोसत नसे.

सिरसाळ्यात विजयसिंहांच्या नातीचं लग्न होतं. उभा जन्म जॅझ वाजवून, आपल्या रचना देशोदेशी पोचवून विलास गावाकडे परतला होता, मुलांना शिकवायला. वर्गाला खोली हवी होती आणि विजयसिंहांचं जुनं गोदाम मोकळं पडलं होतं. "लग्नात कार्यक्रम करा, किल्ली तिथंच देतो," ते म्हणाले होते. आधी लोक बसून ऐकतील, जेवणं नंतर. विलासची अट एवढीच होती.

तिसरी रचना ऐन भरात असताना मांडवाच्या कडेला पातेल्यांची झाकणं उघडली. खुर्च्या सरकल्या. ताटं घेऊन लोक मंचाकडे पाठ करून उभे राहिले.

विलासचे हात थांबले. ते बघून चैतालीचेही.

विजयसिंह हातातल्या ताटासकट मंचापाशी आले.

"विलासराव, थांबलात कावून?"

"लोकांचं जेवण होऊ द्या."

"अहो, जेवतानाच तर लई रंगत येती. तुमच्या वडलांनी आमच्या दादांच्या लग्नात शेवटची पंगत उठस्तोवर सनई वाजवलती. त्रिंबकचं नाव लोक अजून काढतात." त्यांच्या आवाजात खरंखुरं कौतुक होतं.

"आन पंगत उठल्यावर त्यांना कुठं बसवून वाढलं?"

विजयसिंहांनी घास गिळला. "जुनं कशाला उकरता?"

ती सनई विलासने कधी पाहिली नव्हती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी वडिलांनी ती चुलीत घातली होती. त्यानंतर त्या माणसाने घरात साधी शीळही वाजवली नव्हती.

"वाजवा," विजयसिंह हळूच म्हणाले. "न्हाई तर खोलीचं मग बघू कवातरी."

चैताली त्याच्याकडे झुकली. "सर, आता काय वाजवायचं?"

विलासने वळलेल्या मुठी सोडल्या. वर्गातला नेहमीचा आवाज काढायला त्याला जोर लावावा लागला.

"रिकाम्या मात्रा."

"किती?"

"शेवटचं ताट खाली ठेवलं जाईस्तोवर."

तिने हात मांडीवर घेतले. पाय तेवढा मंचाच्या फळीवर एका लयीत पडू लागला. चमच्यांचा आवाज अचानक मोठा वाटला. मग तो विरळ होत गेला. एकेक मान मंचाकडे वळली. विजयसिंहांच्या खिशात किल्ली होती आणि हातात ताट. ते टेकवायला जवळपास कुठं जागा नव्हती.

चैतालीने एकदाही घाई केली नाही.