फक्त मशीन

कुंकवाचा एक कण ड्रिलचं बिट पकडणाऱ्या चकच्या तीन जबड्यांच्या मधोमध जाऊन बसला होता आणि काही केल्या फुंकरीनं निघत नव्हता. कानिफनाथनं नवी मशीन तोंडाजवळ आणून पुन्हा एकदा फुंकलं — कण हलला, जरा आत सरकला आणि तिथंच राहिला. एवढं चिमूटभर कुंकू मशीनवर टाकायची काय गरज होती, असं बायकोवर, रोहिणीवर खेकसायचं त्याच्या मनात आलं. पण टाकलं होतं त्यानंच. खंडेनवमी होती. पाटावर धुतलेलं फडकं, फडक्यावर करवत, रंधा, दोन पटाश्या, त्यांच्यापुढं झेंडूची फुलं, आणि शेवटी या दोघी — बिनवायरीच्या, बॅटरीवर चालणाऱ्या दोन ड्रिल मशीन. एक जुनी, बारा व्होल्टची, मुठीवरचं रबर त्याच्या तळव्यानं गुळगुळीत झालेली; दुसरी गेल्या पाडव्याला घेतलेली, वीस व्होल्टची, हॅमरवाली — फिरता फिरता ठोकेही मारणारी. वर्षभर शिर्डीतल्या हॉटेलांमधून कपाटं, पलंग, पडद्यांचे दांडे बसवत हिंडायचं आणि आजच्या दिवशी घरी येऊन या हत्यारांना हात जोडायचे. हात जोडून झाले होते, अगरबत्ती निम्मी जळली होती, आणि तेवढ्यात सविता वहिनी येऊन गेल्या होत्या.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची, हनुमंताची बायको. दोन वावरं ओलांडली की त्यांचं घर. पण त्या दोन वावरांतून सहसा कुणी येत-जात नसे. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहून त्या म्हणाल्या होत्या, “भावजी, मशीन पायजे हुती. आत्याबाई परवा न्हानीत घसरल्या. हाड न्हाई मोडलं, पन कंबर लई धरलीया. धरून उठाय-बसायला स्टीलचा दांडा आनलाय घोडेगावातनं, आता भिताडाला भोकं पाडायची हायेत.”

आत्याबाई म्हणजे त्याची आई. पडली परवा, आणि त्याला कळत होतं आज — तेही मशीन हवी म्हणून. “मी...” एवढंच त्याच्या तोंडून निघालं. मी येतो, थांबा जरा, पिशवी घेतो — सगळं वाक्य तयार होतं, घशापर्यंत आलं होतं, पायसुद्धा चपलेकडं वळले होते...

“तुमी कशाला दगदग करता सनाच्या दिशी? मशीन तेवढी द्या. ह्ये पाडत्यात भोकं.”

मशीन तेवढी. घशातलं वाक्य गिळलं गेलं आणि त्याच्या जागी दुसरंच बाहेर पडलं, तेही किती शांत आवाजात, “आज खंडेनवमी हाय, वहिनी. आज हत्यार घराभाईर देत न्हाईत.”

वहिनींनी पाटाकडं पाहिलं, फुलांकडं पाहिलं, “व्हय, ते बी खरंच,” म्हणाल्या आणि पदर सावरत बांधावरून परत गेल्या. त्यांनी जरा वाद घातला असता, चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं असं त्याला अजून वाटत होतं.

आता द्यायचीच नाही म्हटल्यावर दोघींपैकी कोणती द्यायची हा प्रश्नच उरत नव्हता. तरी तो पाटासमोर मांडी घालून बसला आणि एकदा ही, एकदा ती, अशी हातात घेऊन बघत राहिला... समजा दिली असती, तर कोणती? जुनी हलकी, आडव्या हातानं, स्टुलावर उभं राहून दिवसभर स्क्रू पिळले तरी खांदा भरत नाही. पण तिला हॅमर नाही. लाकडात, पत्र्यात ती राणी. विटेच्या भिंतीत नुसती गरगरते, बिट तापून निळं पडतं, आणि मग अडाणी माणूस तिच्यावर सगळं अंग टाकतो. हनुमंत टाकणारच. आणि नवी? नवीला जोर आहे, विटेत लोण्यासारखी जाते, बॅटरी दोन दिवस पुरते. पण तिची जात तापट. न्हाणीच्या भिंतीला लावलेल्या फरशीवर आधी हॅमर बंद ठेवावा लागतो, चिकटपट्टी लावून बारीक बिटानं हळूहळू तोंड पाडावं लागतं, फरशी आरपार झाली की मग हॅमर. हे हनुमंताला कुणी सांगायचं? तो पहिल्याच दणक्याला हॅमर लावणार, फरशी वरपासून खालपर्यंत तडकणार, आणि संध्याकाळी वहिनींच्या हातून निरोप येणार की मशीनच खराब होती. नाही दिली तेच बरं केलं, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि नव्या मशीनची बॅटरी उगाच काढून पुन्हा बसवली.

कारण आधी एकदा दिली होती. दिली होती म्हणजे — दिली गेली होती. पंचवीस वर्षं झाली असतील. त्याची पहिली मशीन, वायरवाली, नगरच्या दुकानातून आणलेली. पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवून तो आठ दिवसांसाठी कामाला गेला होता, परत आला तेव्हा ती ओसरीत पडली होती आणि तिला जळक्या रबराचा वास येत होता. आईनं हनुमंताला गोठ्याचे पत्रे ठोकायला काढून दिली होती. हनुमंत म्हणाला, “मशीनच ती, जळायचीच.” आणि आई म्हणाली, “भावाला न्हाई द्यायची तर कुनाला द्यायची?” तिच्या आवाजात राग नव्हता, लबाडी नव्हती, तिला खरोखरच प्रश्न पडला होता. त्याची सायकल हनुमंतानं नेली तेव्हाही तेच, त्याचा एकुलता एक चांगला शर्ट घालून हनुमंत मुलगी बघायला गेला तेव्हाही तेच. जे माझं ते दोघांचं, आणि जे हनुमंताचं ते हनुमंताचं — हा हिशेब आईनं कधी तोंडानं सांगितला नाही, पण घरात दुसरा हिशेबच नव्हता.

आणि तरी घर बांधलं तेव्हा त्यानं पहिली खोली तिची काढली. उगवतीची. पाय जमिनीला टेकतील एवढा बुटका पलंग स्वतःच्या हातानं केला. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला — दिवाळीत ती एक दिवस आली होती तेव्हा तिला दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं, कोपर वाकवायला लावलं, पेन्सिलीनं खूण केली. “कापडाच्या मापाला उभं केल्यावानी करतोय,” म्हणून ती हसली होती, आणि “येईन की, आता येईनच,” म्हणाली होती. आली नाही. तिकडं म्हैस होती. माझ्याबिगर तिला पान्हा सुटत न्हाई, म्हणायची. त्यानं ते खरं मानलं. कुणाचं आजारपण, कुणाचं लग्न असं कारण असतं तर तो भांडला असता, पण म्हशीशी काय भांडणार! मग गेल्या वर्षी हनुमंतानं ती म्हैस घोडेगावच्या बाजारात विकली. कानिफनाथनं पलंगावरची चादर बदलायला लावली, आठवडाभर वाट पाहिली. म्हैस गेली तरी आई तिथंच राहिली, रिकाम्या गोठ्याशेजारी.

तो दांडा आता ओले टॉवेल वाळत घालायच्या कामी येतो. रोहिणी दर आठवड्याला तो पुसते, आणि ती पुसत असताना कानिफनाथ न्हाणीघराकडं फिरकत नाही.

जेवताना रोहिणीनं विषय काढला. ती सकाळी आत भाकरी थापत होती, सगळं ऐकलं होतं तिनं. तिनं दुपारपर्यंत दम धरला हेच पुष्कळ.

“गेल्या वर्षी आजच्याच दिशी तुमी शिर्डीत चौथ्या मजल्यावर कपाटं ठोकीत हुते ना? मी फोन केला तवा मागं मशीनच वाजत हुती.”

“ते पोटाचं काम हुतं.”

“मंग हे कशाचं हाय?”

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. तिनं पुढं ताणलं नाही, आमटी वाढली आणि उठून गेली. हीच तिची वाईट खोड — खिळा अर्धाच ठोकून निघून जायचं. हे कशाचं काम आहे हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? भोकं चार. चार भोकं, भोकांत ठोकायच्या चार गिट्ट्या, चार स्क्रू, वीस मिनिटांचं काम. पण एकदा का त्या घरात तो दांडा बसला की आई तिथलीच झाली, कायमची. आणि तो दांडा माझ्याच मशीननं बसवायचा, आणि मी इथं बसून त्या मशीनचा आवाज ऐकायचा. मला बोलवा ना. मला म्हणा, कानिफ, तू ये, तुझ्या हाताला वळण आहे, तुला तिच्या कोपराचं माप माहीत आहे. दोन्ही मशीन घेऊन आलो असतो, अनवाणी आलो असतो. पण नाही. माझ्यातलं त्यांना चालतं ते एवढंच — चक, मोटर, बॅटरी.

दुपारी पडून झोप आली नाही. आई घसरली तेव्हा तिनं आधी काय धरायला हात टाकला असेल — बादली? नळ? परवाचा विचार आता तो पहिल्यांदा करत होता, आणि आपण तो सकाळपासून केलाच नव्हता हे ध्यानात आल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली. लहानपणी तिनं एकदा त्याला विहिरीच्या काठावरून दंडाला धरून ओढलं होतं, चार दिवस दंडावर बोटं उमटली होती. ती बोटं... ती आता कशालाही धरत असतील. तो उठला. देऊन टाकावी. कसली खंडेनवमी आणि कसलं काय.

पण उठून पाटापाशी गेला आणि हात जुनीकडं वळला. तिच्या बॅटरीचं बटण दाबलं तर एकच दिवा लागला, तोही लाल. दीड भोक. फार तर दोन. चार्जर भिंतीवर होता, तासाभरात भरली असती — त्यानं लावला नाही. आणि का लावला नाही हे कळायच्या आतच त्याला सगळं चित्र दिसलं: हनुमंत न्हाणीत, दांडा हातात, दुसऱ्या भोकाला मशीन गचके खाते, बंद पडते, हनुमंत तिला थापट्या मारतो, शिव्या घालतो, आई बाहेर पायरीवर बसलेली, ती म्हणते, अरं त्याला बोलवा की, त्याचं त्याला कळतंय. म्हणजे मग बोलवावंच लागलं असतं. नाही म्हटलं असंही नाही, दिली असंही नाही. किती हलकट डोकं आहे आपलं, असं वाटलं, आणि थोडं हसूही आलं. त्यानं जुनी मशीन फडक्यानं पुसली, पिशवीत घातली, पिशवीची चेन लावली. चपलेत एक पाय घातला.

उन्हं कलली होती. खिशात फोन वाजला. पडद्यावर ‘दादा’ अशी अक्षरं — हनुमंताचा नंबर, वर्षा-दीड वर्षात पहिल्यांदा. बोलावणार. आत्ता बोलावणार. त्यानं पिशवी खांद्याला अडकवली आणि फोन कानाला लावला.

“कानिफा? मी बोलती.” आईचा आवाज, फोन तोंडाच्या फार जवळ धरलेला. “बरं केलं बाबा. मी ह्यास्नी सांगतच हुते, आज हत्याराला इसावा असतो, आज मागाय जाऊ नगा. तरी सविता गेलीच. तुझा बाप आजच्या दिशी इळ्यालासुदीक हात लावीत न्हवता, गवत आदल्या दिशीच कापून ठेवायचा. हितं कोन पाळतंय आता? हनुमंतानं तर सकाळीच कुऱ्हाड चालवली. तूच एक पाळतोस बघ. तूच तुझ्या बापावर गेलास.”

“कंबर... कशी हाय?”

“हाय की. भिताडाला धरती अन् बसती. घाई न्हाई, दसरा झाल्याव बघू. उद्या सोनं द्यायला येशील न्हवं?”

“व्हय.”

“ये मंग,” ती म्हणाली, आणि फोन कसा बंद करायचा हे तिला माहीत नसल्यानं थोडा वेळ तिचा श्वास ऐकू येत राहिला, मागं भांड्याचा आवाज, वहिनींचं काहीतरी बोलणं, मग काहीच नाही.

मी आत्ता येतो, आई. मी खोटं बोललो. गेल्या वर्षी मी चौथ्या मजल्यावर मशीनच चालवत होतो... एवढंच म्हणायचं होतं. दोन वावरं, पाचशे पावलं. चार्जरला नवी लावायचीही गरज नव्हती, ती भरलेलीच होती. पिशवीतली जुनी काढून नवी टाकायची आणि चालू लागायचं. एक पाय चपलेत होता, एक उंबऱ्याच्या आत. आतून रोहिणीनं विचारलं, कुणाचा फोन? तो म्हणाला, आईचा. काय म्हणाल्या? त्यानं पिशवीची चेन उगाच उघडून पुन्हा लावली.

लाज वाटायला हवी होती, आणि वाटली. पण ती मागून आली. तिच्या आधी, ‘तूच एक’ हे कानावर पडलं त्याच क्षणी, छातीत काहीतरी ऊबदार पसरलं होतं. अठ्ठेचाळीस वर्षांत त्या तोंडातून हे दोन शब्द त्याच्या वाट्याला आले नव्हते, हनुमंताला खाली ठेवून तर कधीच नाही. आता मशीन घेऊन गेला तर ते परत द्यावे लागणार होते. ती दारातच म्हणणार — आज? खंडेनवमीला? — आणि तो पुन्हा सगळ्यांसारखा होणार. अंधारायच्या आत ती एकदा न्हाणीत जाणार. ओली फरशी, गुळगुळीत भिंत, धरायला काही नाही; तिचा हात भिंत चाचपत वर जातो, खाली येतो, हे त्याला इथून लख्ख दिसत होतं, आणि तरी तो उंबऱ्यावर तसाच उभा होता, ते दोन शब्द मनाशी पुन्हा एकदा, जरा हळू करून, ऐकत.