माधवनगरचा कपडा, नॉर्वेचा नळ

मी पाणी गाळायचा कपडा बोलतोय. चहाची गाळणी वेगळी आणि मी वेगळा, हे आधीच सांगून ठेवतो. माधवनगरच्या मागावर विणलेला, दुहेरी शिवलेला जाड सुती कपडा आहे मी. उन्हात धरला तर पलीकडचा सूर्य दिसता कामा नये, एवढा दाट. आम्ही जुळे, एकाच तुकड्यातून कापलेले. सांगलीजवळच्या एका जैन शेतकऱ्याच्या घरी हरणाबाईंनी आम्हा दोघांना हातानं टीप घातली.

हरणाबाईंचा नेम कडक. गाळल्याशिवाय पाणी तोंडाला लावायचं नाही. गाळून झालं की माझ्या अंगावर जे डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, ते गाळलेल्या पाण्यानं लोटीत धुऊन घ्यायचे आणि ज्या विहिरीचं पाणी, तिच्यातच परत सोडायचे. वरून भसकन ओतायचं नाही. लोटी दोरीनं पार पाण्याला टेकवायची, मग हळूच कलती करायची. सत्तरी जवळ आली तरी हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

त्यांचा मुलगा जयपाल साताऱ्याच्या कारखान्यात इंजिनिअर होता. तिथून त्याला नॉर्वेची नोकरी लागली. निघताना हरणाबाईंनी मला घडी करून सुनेच्या बॅगेत, चटणीच्या डब्याखाली सरकवलं.

"त्रिशला, तितलं पाणी काचंगत असंल, तरी गाळ. आन् जितलं तितं सोड."

"सोडते की, आत्या," त्रिशला सासूला म्हणाली. तेवढ्यावर आम्ही विमानात बसलो.

नवा देश म्हणजे सगळी तऱ्हाच. सूर्यास्ताच्या आत जेवायचं ही घरची रीत, आणि तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नाव घेईना. हिवाळ्यात दुपारी तीनलाच अंधार. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीचं, प्रीतीचं, रात्रीचं जेवण शाळेतल्या डब्यातच उरकू लागलं. जयपाल ऑफिसात अडीच वाजता भाकरी खायचा, तर लोक त्याला विचारायचे, दुसऱ्यांदा जेवतोस काय? हा आपला हसून पुढचा घास घ्यायचा. कांदा-लसूण नसलेलं काय मिळतं, हे शोधण्यात त्रिशलाचे दोन महिने गेले. पण घर बसलं. मी बसवलं, असं म्हणालो तरी चालेल. सकाळी पहिलं काम माझंच असायचं.

घोडं अडलं ते जिवाणीपाशी, म्हणजे गाळून उरलेले ते जीव परत सोडण्यापाशी. नळ भिंतीतून आलेला. भिंतीमागं पाणी कुठून येतं, कुणाला ठाऊक? विहीर नाही, आड नाही. त्रिशला मला लोटीत धुवायची, लोटी हातात घेऊन उभी राहायची आणि शेवटी मान फिरवून बेसिनमध्ये ओतायची. रविवारी सांगलीहून फोन आला की हरणाबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला.

"सोडतीस न्हवं गं जितलं तितं?"

"व्हय आत्या, सोडते की."

फोन ठेवला की ती मला उगाच पुन्हा एकदा पिळायची. खोटं बोलायची सवय नव्हती तिला. अंगाला लागत होतं ते.

त्यात तिसऱ्या वर्षी तिनं एक चूक केली. पाळणाघरात कामाला जायची घाई असते म्हणून ती मला नळाच्या तोंडालाच बांधून ठेवू लागली. एक दिवस घरात कुणी नसताना खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई हीटर बघायला वर आल्या. नळाला ओलं फडकं गुंडाळलेलं पाहून त्यांना वाटलं, नळ गळतोय आणि बिचारे संकोचानं सांगत नाहीत. त्यांनी लगेच माणूस बोलावला. नळ नवा झाला आणि मी खाली त्यांच्या कचऱ्याच्या पिशवीत गेलो. सांगतो, बटाट्याच्या सालींखाली पडल्या पडल्या मला माझ्यापेक्षा त्रिशलाची काळजी लागली होती.

दुपारी ती आली. नळ लखलखीत, मी गायब. घोटभरही पाणी न पिता ती खुर्चीवर बसून राहिली.

कामावरून आल्यावर जयपाल म्हणाला, "आजच्या दिवस रुमालातनं गाळ की."

"रुमालातनं सूर्य दिसतोय. आणि आधीच एक शब्द मोडलाय मी आत्यांचा. हा दुसरा नाही मोडणार."

मग प्रीती उठली, खाली घरमालकीणबाईंकडं गेली आणि त्यांच्या भाषेत त्यांना सगळं सांगून आली. पाचच मिनिटांत ती म्हातारी घरमालकीण पिशवी घेऊन वर. तिनं मला स्वतः धुऊन काढलं. मग विचारलं, "गाळून जे उरतं, ते कुठं टाकता?" त्रिशलानं मान खाली घालून बेसिनकडं बोट केलं.

म्हातारी म्हणाली, "हे पाणी वरच्या तळ्यातून येतं. पंधरा मिनिटांचा चढ आहे. आधी का नाही विचारलंत?"

खरंच, विचारलंच नव्हतं कुणी.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी शाळेआधी मायलेकी लोटी घेऊन चढ चढू लागल्या. कडाक्याच्या थंडीत तळं गोठलं, तर त्यातून निघणाऱ्या ओढ्यावर. पहिल्याच रविवारी त्रिशलानं तळ्याच्या काठावरून व्हिडिओ कॉल लावला. प्रीतीनं लोटी पाण्याला टेकवून हळूच कलती केली.

"आत्या, आजवर खोटं सांगितलं. बेसिनमध्ये ओतत होते मी. आजपासून इथं."

पलीकडून हरणाबाई बोलल्या.

"तुमी गेल्यावर आपली विहीर बुजवली गं. दोन वरसं झाली. जारचं पाणी येतंय, दुसरा कपडा पेटीत पडलाय. तुला सांगाय तोंड न्हवतं. दर रविवारी इचारत हुते, ते कुटंतरी सोडतंय कुणीतरी, एवढं ऐकाय बरं वाटायचं म्हणून."

दोघी रडल्या. मी लोटीच्या गळ्याशी गुंडाळलेला होतो. ओला मी रोजचाच.

परवा त्रिशलानं मला उन्हात धरलं. पलीकडचा सूर्य स्पष्ट दिसला. माझं गाळायचं काम संपलं, ते मला तिच्याआधी कळलं होतं. मला वाईट वाटलं नाही. एकच सांगणं होतं, फरशी पुसायला घेऊ नका.

तशी वेळच आली नाही. एकाहत्तराव्या वर्षी हरणाबाई पहिल्यांदा विमानात बसून आल्या, बॅगेत माझा जुळा घेऊन. तो आता नळाखाली राबतोय, चांगला दाट आहे. आज सकाळी लोटी घेऊन निघताना प्रीती म्हणाली, आजी, दे मी धरते. हरणाबाईंनी ऐकलं नाही. त्यांनी मला पिळून गोल चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, वर लोटी.

"हातात धरून पाणी न्ह्यायची सवय न्हाई मला," त्या म्हणाल्या आणि चढाला लागल्या. एवढी वर्षं मी पाण्याखाली काढली. आज त्यांच्या डोक्यावरून मला पहिल्यांदा अख्खं तळं दिसलं.