भर उन्हाळ्यात छापलेली छत्री

तळहातावर मावेन एवढा मी छपाईचा एक जुना ब्लॉक आहे, मित्रांनो. जस्ताच्या पत्र्यावर उघडी छत्री कोरली, पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकला आणि माझा जन्म झाला. कोरण्यासाठी पत्रा आम्लात बुडवतात तेव्हा फार आग होते, पण त्याशिवाय रूप येत नाही. माझे रूप छान उतरले होते. छत्रीची मूठसुद्धा नीट दिसायची.

छत्र्यांच्या दुकानदाराने मला जाहिरातीसाठी बनवून घेतले होते. गावच्या साप्ताहिकात मी पावसाळाभर छापला जाई आणि एरवी खणात लोळत पडे. साप्ताहिक चालवणारे दोघेच: बातम्या लिहिणाऱ्या वहिनी आणि शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवणारे त्यांचे दीर. पानात रिकामी जागा दिरांना बघवत नसे. खणात हात घालायचा आणि मापात बसेल ते बसवून मोकळे व्हायचे, अशी त्यांची पद्धत.

मग नवा कायदा आला. छापण्याआधी प्रत्येक पान तपासनीस साहेबांना दाखवायचे. ते खोडतील ते काढायचे आणि काढलेली जागा कोरीही ठेवायची नाही. ठेवली तर परवाना रद्द.

पहिल्याच आठवड्यात वहिनींची बातमी खोडली गेली. कारखान्याचे सांडपाणी नळाच्या पाण्यात मिसळते आहे, एवढीच ती बातमी. दिरांनी सवयीने खणात हात घातला आणि पहिल्या पानावर मला बसवले. अंक पाहून वहिनींनी कपाळाला हात लावला.

"अहो भाऊजी, बाहेर ऊन मी म्हणतंय आणि ही छत्री?"

"मापात बसली, वहिनी. तिच्यात काय आहे ते मी कशाला बघतोय!"

लोक हसले. दवाखान्यातली नर्स मात्र अंक घेऊन थेट साप्ताहिकाच्या कचेरीत आली. "इथे काय होतं?" माझ्यावर बोट ठेवून तिने विचारले. बंदी छापायला होती, बोलायला नव्हती. वहिनींनी सगळे सांगितले. संध्याकाळपर्यंत निम्म्या गावाने पिण्याचे पाणी चुलीवर उकळायला ठेवले.

पुढच्या आठवड्यात आणखी एक बातमी खोडली गेली आणि मी पुन्हा छापला गेलो. या वेळी मुद्दाम. माणसे अंक उघडून आधी मला शोधत आणि मी दिसलो की कचेरी गाठत. खरे सांगतो, मला चांगलेच चढले होते. जाहिरातीत असताना माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते.

साहेबांच्या लक्षात यायला वेळ लागला, पण आले. एके दिवशी ते स्वतःच कचेरीत हजर.

"उन्हाळ्यात छत्री कशाला हो?"

"उन्हातही लागतेच की, साहेब," दीर म्हणाले.

साहेब हसले नाहीत. त्यांनी एक मजकूर पुढे सरकवला. नळाचे पाणी शुद्ध आहे, बाकी सगळ्या अफवा आहेत, असा. "हे पहिल्या पानावर घ्या. नाहीतर परवाना विसरा."

वहिनींनी दिरांकडे पाहिले. दिरांचा उभा जन्म छपाईच्या मशीनपाशी गेला होता. "काय करायचं, भाऊजी?"

दिरांनी हातातले खिळे खणात परत टाकले. "हे मला नाही जुळवता यायचं, वहिनी."

मशीनला सील लागले. मी आता वहिनींच्या खिडकीत असतो, वाऱ्याने खिडकीची झडप आपटू नये म्हणून लावलेला. गावात दुसरे वर्तमानपत्र येते. पाणी शुद्ध असल्याचे त्याने मोठ्या अक्षरांत छापले. पाणी उकळण्याचा लोकांना कंटाळा आलाच होता. छापून आलेय म्हणजे खरेच असेल, असे म्हणून त्यांनी उकळणे सोडून दिले.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ तुम्ही पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्यासाठी बातमी आणणाऱ्या माणसांना जपा. त्यांचे तोंड बंद झाले की लगेच काही कळत नाही, दिवस नेहमीसारखेच जातात.

काल नर्स दारावरून जात होती. "बस ना, चहा टाकते," वहिनी म्हणाल्या.

"नको हो," ती म्हणाली. "वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन लेकरं झोपवलीत."